खंडेनवमीला बसवलेलं चाक

मित्रांनो, अशा गोष्टीची सुरुवात ‘मी एक जुनी गाडी आहे’ अशी करायची पद्धत आहे. मला तशी करता येत नाही, कारण मला जुनं व्हायला वेळच मिळाला नाही. माझ्या लाल रंगावर अजून चकाकी आहे. माझ्या सीटला अजून नव्या रेक्झिनचा वास येतो. तरीही शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये, मी निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. उभी म्हणते खरी, पण माझी डावी बाजू विटांवर टेकलेली आहे. दसरा जवळ आला आहे आणि मला भीती वाटते. म्हणून माझी गोष्ट तुम्ही ऐकाच.

मी साधीसुधी गाडी नव्हे, हे आधीच सांगते. मला माझं कौतुक आवडतं आणि ते लपवायची मला सवय नाही. मी दोन माणसांची, कापडी छताची, भरधाव पळणारी स्पोर्ट्स कार आहे. छत मागं दुमडलं की डोक्यावर सरळ आभाळ. असल्या गाड्या परदेशात होतात असं लोक म्हणतात. मी मात्र कोल्हापुरात झाले, आणि मला घडवलं ते एका मुलीनं.

तिचं नाव रुचिता. या फाउंड्रीचे मालक दादासो मगदूम यांची ती एकुलती एक लेक. लहानपणी ती गो-कार्टच्या शर्यतीत मुलांना मागं टाकायची. मोठी होऊन इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात लागली. तिथं तिच्या वाट्याला आल्या दारांच्या कड्या. गाडी कुणाचीही असो, हिनं फक्त कडीचा विचार करायचा. काही वर्षं तिनं तो केला. मग एके दिवशी सामान भरून कसबा बावड्याच्या घरी परत आली आणि वडिलांना म्हणाली की मला अख्खी गाडी करायची आहे.

दादासो फार बोलणारे गृहस्थ नव्हते. पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंगं ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मागची शेड रिकामी करून दिली. आमच्या कोल्हापुरात माणसाला एखाद्या गोष्टीचं वेड लागलं की त्याला ‘नाद’ म्हणतात. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला फुटबॉलचा. आपल्या वाटेला कुणी जाऊ नये असं बजावायचं असलं की छाती पुढं काढून म्हणतात, ‘नाद करायचा न्हाय!’ हे वाक्य इथं रिक्षांच्या पाठीवर असतं, तालमींच्या फलकावर असतं, आणि पोरं एकमेकांना भेटल्यावर रामरामाऐवजीही तेच म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. त्यानंच माझा घात केला.

मला घडवायला रुचिताच्या जोडीला आला शिवशरण. तो मूळचा कर्नाटकाच्या सीमेलगतच्या नेसरीकडचा. उद्यमनगरात त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्याच्या घरात कानडी चालते आणि बाहेर मराठी, त्यामुळं रुचिताला तो ‘तंगी’ म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. दोघं दिवसभर भांडायचे आणि त्या भांडणातून मी वाढत गेले.

सुरुवातीला मी जमिनीवर खडूनं काढलेली एक रेघ होते. मग लोखंडी नळ्यांचा सांगाडा झाले. माझं इंजिन हायवेवर चेंदामेंदा झालेल्या एका परदेशी गाडीतून काढून आणलेलं होतं. इंजिनाला ओरखडाही नव्हता, पण त्या गाडीत बसलेल्यांचं काय झालं हे शेडमध्ये कुणी बोललं नाही. दादासोंच्या थोरल्या बहिणीला, अक्काताईंना, ही गोष्ट कळली तेव्हा त्या शेडच्या दारातच थबकल्या. या बाईंचा घरात आणि फाउंड्रीत सारखाच दरारा. माझ्या सीटला चामडं चालणार नाही, आपण जैन आहोत, असं त्यांनीच बजावलं होतं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “मेलेल्या गाडीचं काळीज हिला घातलंय तुम्ही.” रुचिता हसली. मला हसू आलं नाही, कारण ते काळीज माझ्या छातीत होतं आणि पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ते दचकल्यासारखं धडधडलं होतं.

गाडीचं छप्पर काढणं सोपं असतं असं तुम्हाला वाटेल. खोक्याचं झाकण काढून बघा, मग ते खोकं हातानं कसं पिळता येतं ते कळेल. तसंच माझं झालं. मला पहिल्यांदा जॅकवर उचललं तेव्हा मी मधोमध वाकले आणि माझं दार उघडेना. शिवशरण कपाळाला हात लावून बसला. रुचितानं सगळा तळ पुन्हा कापला, दोन्ही दारांखाली जाड पेट्या घातल्या, मध्ये आडव्या नळ्या टाकल्या. मग माझी पाठ ताठ झाली. त्यानंतर वजन वाढलं म्हणून ती रडकुंडीला आली आणि पत्रा काढून जिथं जमेल तिथं फायबर लावत सुटली. एक झालं की दुसरं निघायचं. माझी वाढ अशीच झाली.

स्वभावानं मी तापट निघाले. सरळ रस्त्यावर मी शहाण्या मुलीसारखी पळायचे, पण वळणात कुणी घाबरून पाय काढला की माझी शेपूट बाहेर यायची. एकदा शिवशरणनं मला चालवलं आणि उतरल्यावर घाम पुसत म्हणाला, “तंगी, ही मारकी म्हस हाय बघ. निस्ती शिंगं मागच्या बाजूला हायत.” रुचितानं स्प्रिंग बदलले, टायर बदलले, माझं मारकेपण निम्म्यावर आणलं. उरलेलं तिनं मुद्दाम ठेवलं. तिला मी तशीच आवडायचे.

छत लावलं की मी शांत असायचे. ते उघडून वेग घेतला की वारा आत घुसायचा, मागं एक्झॉस्ट गर्जायचा, आणि शेजारी बसलेल्या माणसाचे शब्द तोंडातून निघाल्यावर मागच्या मागं उडून जायचे. रुचिता आणि शिवशरण खुणांनी बोलायला शिकले होते. अंगठा वर म्हणजे ठीक आहे. हात खाली म्हणजे हळू.

आता दादासोंची एक पद्धत सांगते. या फाउंड्रीतून कुठलंही कास्टिंग वाजवल्याशिवाय बाहेर जात नसे. कास्टिंग साफ झालं की दादासो ते तारेला टांगायचे, त्यावर आपल्या छोट्या हातोडीनं टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, देवळातल्या घंटेसारखं घुमतं. आतून बिघडलेलं बीड बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. या वाजण्यालाही ते ‘नाद’च म्हणायचे. ‘ह्याचा नाद घेतला का?’ असं विचारलं की काय विचारलं ते फाउंड्रीत सगळ्यांना कळायचं. प्रयोगशाळेची यंत्रं नंतर आली, पण दादासोंनी हातोडी सोडली नाही. हे काम ते एकट्यानं करायचे आणि त्यात दुसऱ्याला हात घालू देत नसत.

चाक ज्याच्या आधारानं वळतं, त्या बीडाच्या तुकड्याला इथले मिस्त्री ‘नकल’ म्हणतात. गाडीचं पुढचं चाक नकलीनं धरलेलं असतं. ती तुटली की चाक गाडीचं राहत नाही. माझ्या नकली याच फाउंड्रीत ओतल्या. दादासोंनी त्या वाजवल्या, त्या सुरेख घुमल्या, आणि मग माझ्या अंगात बसल्या.

त्या ओतल्या त्या दिवशी ओतकाम संपत आलं असताना रुचिताला वाटलं की पुढच्या चाकांसाठी एक जादा जोडी असावी. साचे तयार नव्हते. ते होईपर्यंत लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, उरलेला रस तसाच थांबला. दादासो तेव्हा गेटवर आलेल्या लॉरीकडं गेले होते, नाहीतर त्यांनी तो ओतू दिला नसता. असल्या बीडाचा रस थांबला की त्याची ताकद उतरते. बाहेरून काही दिसत नाही. ती जोडी, एक डावी नकल आणि एक उजवी, थंड झाल्यावर शेडच्या फळीवर जाऊन पडली. वापरायची वेळ आली तर वाजवू, असं म्हणून ती कुणी वाजवली नाही.

गेल्या वर्षी माझं सगळं काम झालं. नंबर मिळवायला रुचितानं जेवढे हेलपाटे घातले, तेवढे किलोमीटरही मी तोपर्यंत चालले नव्हते. दसऱ्याला सकाळी पन्हाळ्याचा घाट चढायचा, तेच माझं सीमोल्लंघन, आणि संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला हजर व्हायचं, असं ठरलं. दादासो तोवर माझ्यात एकदाही बसले नव्हते. पहिल्यांदा बसेन तर दसऱ्याला, लेकीच्या शेजारी, असं ते म्हणाले होते. सगळ्या पाहुण्यांना आमंत्रणं गेली.

दसऱ्याच्या तोंडावर रुचिता मला मागच्या रस्त्यावर फिरवत होती आणि माझं डावं चाक एका उघड्या गटारीत गेलं. झाकण कुणीतरी भंगारात घातलेलं. माझी डावी नकल वाकली. वाकली, पण तुटली नाही, हे ध्यानात घ्या. चांगलं बीड असं जीव राखून मार खातं. शिवशरणनं ती काढली आणि फळीवरची जादा नकल लेथवर नेली. अष्टमीचा सगळा दिवस तिचं मशिनिंग करण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोल्हापुरात त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि पुजलेली हत्यारं उत्तरपूजेपर्यंत उचलत नाहीत. कारखान्यात हत्यारं म्हणजे पाने, हातोड्या, मापं. शिवशरण पहाटेच आला. पूजेच्या आधी त्यानं नवी नकल बसवली, बोल्ट आवळले, चाक चढवलं आणि पाने धुऊन अक्काताईंच्या हवाली केले. दादासोंनी नकल आदल्या संध्याकाळीच वाजवली असणार, असं त्यानं धरलं. रुचितानंही तेच धरलं. हे काम दादासो कधी विसरत नाहीत, याची सगळ्यांना इतकी खात्री होती की विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दादासो मात्र आदल्या संध्याकाळी पाहुण्यांत अडकले होते. ते सकाळी शेडमध्ये आले तेव्हा चाक चढलेलं बघून थबकले. माझ्याशेजारी पाट मांडला होता. त्यावर लाल कापड, कापडावर सगळी हत्यारं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मधोमध त्यांची छोटी हातोडी. त्यांनी हात पुढं केला. अक्काताई उदबत्ती लावत होत्या.

“दादू, पुजलेल्या हत्याराला हात लावू नगंस.”

“निस्ती एक टिचकी मारायची हुती, अक्का.”

“उद्या उत्तरपूजा झाली की मार की. एका दिसानं काय बिघडतंय?”

दादासोंनी हात मागं घेतला. अक्काताई आत गेल्यावर ते माझ्या डाव्या चाकाशी वाकले आणि बोटातल्या अंगठीनं नकलीवर हलकेच ठोकलं. बद्द आवाज आला. पण बोल्टांनी जखडलेली नकल बद्दच वाजते, चांगली असली तरीही. त्यांचा श्वास माझ्या मडगार्डवर येत होता. मला ओरडून सांगायचं होतं की काढा हिला, ही माझी नाही, हिच्यात जीव नाही. पण मित्रांनो, गाडीला हॉर्न असतो, तोंड नसतं. आणि हॉर्नही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

दसऱ्याची सकाळ उजाडली. उत्तरपूजा झाली. अक्काताईंनी हातोडी दादासोंच्या हातात दिली. तोपर्यंत शेड माणसांनी भरली होती. कामगार बायकामुलांसह आलेले, हातकणंगल्याचे पाहुणे आलेले, बावड्याचे शेजारी आलेले. माझ्या नाकावर झेंडूचा हार आणि आपट्याची डहाळी. नकल वाजवायची तर चाक उतरवायचं, सगळं खोलायचं, पुन्हा जोडायचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर लेकीची गाडी पाहुण्यांदेखत विटांवर चढवायची? दादासोंनी हातोडी पँटच्या खिशात घातली, परत काढली, पुन्हा घातली. कुणीतरी विचारलं, “काय दादासो, कसला इचार चाललाय?” ते म्हणाले, “काय न्हाय.” आणि येऊन माझ्या डाव्या सीटवर बसले. आपल्याकडं चालवणारा उजवीकडं बसतो आणि पाहुणा डावीकडं.

बावड्याला घराशी थांबून रुचिताच्या आईनं दोघांना ओवाळलं. तिनं लेकीला हळू चालव म्हणून सांगितलं. दादासोंच्या टोपीवर तांदळाचे दाणे पडले होते, ते तिनं हातानं झटकले. छत दुमडून पंचगंगेच्या पुलावरून आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं वळून बघत होती. एरवी मी तोऱ्यात गेले असते. त्या दिवशी माझं सगळं लक्ष डाव्या चाकाकडं होतं. प्रत्येक खड्ड्याला तिथून एक बारीकसा टक आवाज येत होता. अंगात काहीतरी उकलत असल्यासारखा. रुचिताला तो ऐकू येत नव्हता, तिच्या कानात वारा आणि एक्झॉस्ट होता. पण दादासोंचे पाय नेमके त्या चाकाच्या मागं होते. त्यांना तो पायांत कळला. त्यांनी खाली बघितलं. मग त्यांनी पाय आखडून घेतले आणि पुन्हा हळूच टेकवले, जसा एखादा वैद्य नाडीवर बोट ठेवतो.

वाघबीळ सोडलं की घाट सुरू होतो. रस्ता मोकळा होता. रुचितानं वेग वाढवला. मी चढ चढायला लागले आणि पहिल्या वळणात तो टक आवाज मोठा झाला. दादासो तिच्याकडं वळले आणि ओरडले, “रुचे, नाद घेतला न्हाय! डाव्या नकलीचा नाद घेतला न्हाय!”

मी स्पष्ट ऐकलं, कारण ते शब्द माझ्याच अंगावरून गेले. पण वाऱ्यानं मधले सगळे शब्द उचलून नेले. रुचिताच्या कानापर्यंत दोनच पोचले. नाद, आणि न्हाय.

मित्रांनो, दुसऱ्या गावची मुलगी असती तर तिनं विचारलं असतं, काय म्हणालात? कोल्हापूरच्या मुलीला विचारावं लागत नाही. तिला वाटलं, जन्मभर गप्प राहिलेला बाप आज तिच्या गाडीत बसून पोरांसारखा ओरडतोय, नाद करायचा न्हाय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हसून त्यांच्याकडं बघितलं, अंगठा वर केला आणि पाय दाबला.

दादासोंना ती खूण माहीत नव्हती. त्यांना वाटलं तिला कळलं, आता पुढं जागा बघून ती थांबेल. त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा सीटला टेकले. पुढचं वळण उजवीकडचं होतं. त्या वळणात गाडीचा सगळा भार डाव्या चाकावर येतो. मी जिवाच्या आकांतानं ती नकल धरून ठेवली, पण ती धरून राहणारी नव्हतीच. ती मधोमध तुटली. चाक दरीत गेलं आणि मी डाव्या अंगानं कठड्याच्या दगडांवर आदळले.

रुचिताचा हात मोडला, बाकी ती वाचली. दादासो जागच्या जागी गेले. लोक धावत आले तेव्हा ती वडिलांकडं बघून एकच विचारत होती, “आप्पा बोलत का न्हाईत?” आत्ता तर बोलले होते, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्यानंतर काय झालं ते सांगते, आणि मला भीती आहे ती याचीच. वेग जास्त होता, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि रुचितानंही ते मान्य केलं. तिनं दोष स्वतःकडं घेतला. नकल दगडावर आपटून तुटली असं सगळ्यांना वाटलं. दरीत गेलेलं चाक कुणी शोधलं नाही. नकलीचा राहिलेला अर्धा तुकडा अजून माझ्या अंगात आहे आणि त्याचा तुटलेला चेहरा बघितला तर बीड आतून चांगल्यासारखं चकचकीत नाही, काळं आहे, हे लगेच कळेल. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. रुचिता माझ्याकडं उजव्या बाजूनंच येते. ताडपत्री थोडी उचलते, स्टिअरिंगवर हात ठेवते आणि जाते. डावीकडं तिचा बाप बसला होता, तिकडं ती कशी बघेल? शिवशरण तर शेडमध्ये माझ्याकडं पाठ करूनच काम करतो. नकल आपण बसवली, एवढंच त्याच्या मनाला पुरलं आहे.

फाउंड्रीच्या दर्शनी भिंतीवर दादासोंचा मोठा फोटो लावला आहे. त्याखाली रुचितानं त्यांचे शेवटचे शब्द म्हणून रंगवून घेतलं आहे, ‘नाद करायचा न्हाय!’ येणारे जाणारे ते वाचून म्हणतात, माणूस मोठ्या मनाचा होता, मरतानाही लेकीला शाबासकी दिली. रुचिता त्या शब्दांवरच उभी राहिली आहे. ते शब्द तसे नव्हते हे सांगायचं तर मला तिचा आधार काढून घ्यावा लागेल. मी एरवी सांगितलंही नसतं. खोट्या शब्दांनी एखादं माणूस उभं राहत असेल तर राहू दे, असं मी म्हटलं असतं.

पण मित्रांनो, ती दुसरी गाडी करते आहे. आप्पांनी जाताना शाबासकी दिली, मग थांबायचं कशाला, असं म्हणून. माझ्या शेजारीच तिचा सांगाडा उभा राहिला. माझ्यापेक्षा हलकी, माझ्यापेक्षा वेगवान, आणि तिलाही छप्पर नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. मी तिच्याकडं बघते तेव्हा मला धाकटी बहीण आजारी असल्यासारखं होतं. अक्काताईंनी दादासोंची हातोडी त्यांच्या फोटोखाली देव्हाऱ्यासारखी मांडून ठेवली आहे आणि रोज तिला हळदकुंकू वाहतात. ती उचलायची कुणाची छाती नाही. कास्टिंगं आता यंत्रावर तपासून बाहेर जातात, म्हणजे गिऱ्हाइकांची जातात. घरच्या गाडीसाठी फळीवर पडलेलं कास्टिंग कोण यंत्रावर नेतो? ते आप्पांच्या हातचं आहे, एवढं सर्टिफिकेट सगळ्यांना पुरतं.

परवा रुचितानं फळीवरची, त्या जादा जोडीतली उरलेली नकल उतरवली. पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली. आप्पांच्या हयातीत घरच्या गाडीसाठी ओतलेली शेवटची वस्तू म्हणून तिनं ती कपाळाला लावली. मग शिवशरणला बोलावून म्हणाली, “दादा, ही लावायची. आप्पा संगट असतील.” त्यानं ती घेतली आणि लेथकडं गेला.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, तेल बदला, हवा तपासा, असं सांगून अशी गोष्ट संपवतात. मला माझ्यासाठी काही नको आहे. कुणी शिरोलीकडून जाणार असाल तर मागच्या शेडमध्ये या. निळी ताडपत्री डावीकडून उचला आणि खाली वाका. आत जे काळं दिसेल ते रुचिताला हाताला धरून दाखवा. ती रडेल, तुमच्यावर चिडेल, भिंतीवरचे शब्द पुसावे लागतील. तरी दाखवा. आपल्या माणसावरच्या मायेनं वस्तू भक्कम होत नाही.

दसऱ्याला ती पुन्हा पन्हाळ्याचा घाट चढणार आहे. या वेळी शेजारी कुणालाही बसवायचं नाही, असं तिनं आईला वचन दिलं आहे. डावी सीट ती रिकामी ठेवणार आहे. फळीवरून उतरवलेली ती नकल उजव्या बाजूची आहे.